कुंभार्ली घाटात चेन तुटली. यंदाच्या पावसाळ्यात तुमच्या गाडीचं काय काय काम निघालं?

कृष्णाकाठ
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी कराडहून चिपळूणला निघालो होतो. गाडी दीडशे सीसीची, २०१७ ची, ६१ हजार किलोमीटर झालेली. हेळवाक मागं टाकलं आणि कुंभार्लीचा घाट उतरायला लागलो. धुकं होतं, बारीक पाऊस होता. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर गाडी धरून निवांत उतरत होतो. एका वळणावर खालून ‘खट्’ असा आवाज आला. इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला आणि गाडी पळायला लागली.

आधी वाटलं न्यूट्रल पडला. पायानं गिअर दाबून पाहिला. गिअर पडत होता, पण गाडीला त्याचा पत्ताच नव्हता. पुढचा डिस्क आणि मागचा ड्रम आलटून पालटून दाबत कशीबशी डोंगराच्या कडेला घेतली. उतरून बघतो तर चेन जागेवर नाही. दोनेकशे पावलं मागं चालत गेलो. वळणावर रस्त्याच्या मधोमध लांबलचक पडलेली. ती उचलली तेव्हा हात इतके थरथरत होते की पिशवीचं तोंड धरता येईना. मागून एस.टी. असती तर, हा विचार अजून जात नाही.

दुधाच्या पिकअपवाल्या दादांनी गाडी चढवून पोफळीपर्यंत आणून सोडली. पैसे घेतले नाहीत.

चेन आठ महिन्यांपूर्वीच नवीन टाकली होती, सात हजार किलोमीटर झाले असतील. जिथं टाकली ते गॅरेजवाले म्हणतात चेनचा मालच खराब निघाला. मला ते पटत नाही. आठ महिन्यांची चेन तुटते कशी? जाणकारांनी सांगा. आणि यंदाच्या पावसात तुमच्या गाड्यांची कामं काय निघाली, नवीन काय बसवलं, तेही लिहा. एकमेकांचं वाचून चार गोष्टी कळतात.

पहिलागिअर
रविवार, रात्री ९.५८

बापरे. तुम्हाला लागलं नाही ना?

कृष्णाकाठ
रविवार, रात्री १०.०२

नाही रे, खरचटलंसुद्धा नाही. गाडीही पडली नाही.

दोनस्ट्रोक
रविवार, रात्री १०.१५

चेन तुटल्यावर चैन कसं पडणार! सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं.

तुटलेली चेन रस्त्यावर पडली हे नशीबच म्हणायचं. माझ्या मावसभावाची तुटून पुढच्या स्प्रॉकेटपाशी, म्हणजे चेन ज्या दातेरी चाकावर फिरते तिथं, गोळा झाली होती. मागचं चाक जाम, आणि इंजिनाच्या कव्हरला रुपयाएवढं भोक. ऑइल सगळं रस्त्यावर.

उद्यमनगर
रविवार, रात्री १०.५१

कृष्णाकाठ, घाईनं निष्कर्ष काढू नका. माझं लेथचं काम कोल्हापुरात, पस्तीस वर्षं. तुटलेल्या चेना बऱ्याच हातांखालून गेल्यात. चेन कडीत तुटली की लॉकमध्ये सुटली, हे आधी बघा. लॉक म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी, तिच्यावर एका तोंडाला उघडी क्लिप बसते. तुटणं वेगळं, सुटणं वेगळं.

चार गोष्टी तपासून सांगा.

तुटलेली टोकं बघा. कडीची पट्टी फाटली असेल तर मालाचा किंवा ताणाचा दोष. दोन्ही टोकं शाबूत असतील आणि फक्त लॉक गायब असेल, तर लॉकची क्लिप निघालेली आहे.

चेन ताणली गेली का ते मोजा. तुमच्या गाडीला ४२८ नंबरची चेन असणार. तिच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर १२.७ मिलिमीटर. चेन फळीवर सरळ ओढून धरा आणि एकवीस पिना मोजा, म्हणजे मधली वीस अंतरं होतील. नवी चेन २५४ मिलिमीटर भरते. २५९ च्या आसपास गेली की ती संपली.

आठ महिन्यांपूर्वी पुढचं स्प्रॉकेट बदललं होतं का? बिल बघा.

आणि मागच्या एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या घरावर आहेत का?

एवढं सांगा, मग बोलू.

रानवाट
रविवार, रात्री ११.२०

काकांची उत्तरं मी कायम जपून ठेवते. फळीवर मोजायचं हे नवीनच कळलं.

माझं यंदाचं काम टायरचं. जूनच्या पहिल्या पावसात नाशकात सिग्नलला ब्रेक दाबला आणि मागचं चाक झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून आडवं सरकलं. पडले नाही, पण घरी आल्यावर टायर नीट पाहिला. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून कधी शंकाच आली नव्हती. टायरच्या कडेला चार आकडे असतात. माझ्यावर होतं २३१८, म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नखानं दाबलं तर रबर शिंगासारखं कडक. कडेला केसांएवढ्या भेगा. वर नक्षी आहे म्हणून सहा-सात वर्षं त्याच टायरवर फिरत होते.

नवीन घेतानाही आकडे बघून घेतला. पहिल्या दुकानात दीड वर्ष जुना माल दाखवला, मी तारीख विचारली तर दुकानदार म्हणाला, “गाडी कुणाची आहे? दादांना पाठवा ना.” गाडी माझी आहे, बावीस हजार किलोमीटर मी चालवलीय आणि दर दोन हजारांना ऑइल मी बदलते. दुसऱ्या दुकानात घेतला. तीन महिन्यांपूर्वीचा मिळाला.

नानापेठी
सोमवार, सकाळी ७.३०

रानवाट ताई, दुकान बदललंत ते योग्यच केलंत. पुण्यात नाना पेठेत आमचं जाणं-येणं रोजचं, तिथंही सांगतो सगळ्यांना: तारीख विचारायला लाजू नका.

कृष्णाकाठ, एक गोष्ट आत्ताच करून टाका. चेनचं एक जादा लॉक आणि छोटी नाकपक्कड सीटखाली ठेवा. लॉक वीस-तीस रुपयांत मिळतं. घाटात चेन सुटली तर दहा मिनिटांत परत जोडता येते. मात्र लॉक आपल्याच चेनच्या नंबरचं हवं. दुसऱ्या नंबरचं बसल्यासारखं वाटतं आणि निघतं.

वाशिष्ठी
सोमवार, सकाळी ९.१०

कृष्णाकाठ, आमच्या चिपळूणला येत होतात आणि असं झालं. पुढच्या वेळी पोफळीला अडकलात तर इथं लिहा, कुणीतरी येईलच घ्यायला.

माझी गाडी २२ जुलै २०२१ च्या पुरात अख्खी बुडाली होती. तेव्हाचं काम अजून संपलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पुन्हा कुणावर वेळ आली तर उपयोगी पडेल.

पाणी ओसरल्यावर गाडी अंगणात आडवी सापडली, आंब्याच्या बुंध्याला टेकलेली. शेजारच्याने त्याच्या गाडीला आधी बटण मारलं. तिथंच घोळ झाला. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याचं इंजिन उघडावं लागलं. माझ्याकडे एक वयस्कर मेस्त्री आले, त्यांनी मला किल्लीला हातच लावू दिला नाही. आधी बॅटरीची वायर काढली, मग प्लग. गाडी उभी करून हळूहळू किक मारत गेले. प्लगच्या भोकातून तपकिरी पाण्याची पिचकारी उडाली, ती समोरच्या भिंतीपर्यंत गेली. खालचा नट सोडला तर ऑइल चहाच्या रंगाचं, दूध घातलेल्या चहासारखं. साधं स्वस्त ऑइल घालायचं, इंजिन थोडं फिरवायचं, काढून टाकायचं. चौथ्या वेळी ऑइल ऑइलसारखं दिसलं.

टाकी उतरवून वाळवली, कार्बोरेटर सुटा करून धुतला, एअर फिल्टर फेकून दिला. दोन्ही ब्रेक ड्रम उघडले, आत गाळाची वडी बसलेली. चाकांचे बेअरिंग मेस्त्री बदला म्हणत होते, पण त्या दिवसांत हातात पैसे नव्हते. ते वर्षभरात गेलेच.

आणि यंदा? ऑगस्टमध्ये इंडिकेटर मनाला येईल तेव्हा लागायचे. हेडलाइट उघडली. आतल्या वायरच्या जोडांवर हिरवी बुरशी धरावी तसा गंज, आणि वाडग्याच्या तळाशी बोटभर वाळलेला गाळ. इतक्या वर्षांनीसुद्धा. हाताला लागला तेव्हा त्या दिवसांचा वास आला. मी तो गाळ कागदात काढला आणि आई बघत होती म्हणून लगेच टाकून दिला.

सगळे जोड ब्रशने घासले, नवीन टर्मिनल लावले, ग्रीस भरलं. आता लाइट ठणठणीत आहेत.

रानवाट
सोमवार, सकाळी ९.४४

वाशिष्ठी दादा, शेवटचं वाचून गळा भरून आला. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

पहिलागिअर
सोमवार, सकाळी ११.०५

मला एक विचारायचंय. माझी पहिलीच गाडी आहे, सव्वाशे सीसी. ऑइल बदलायचं होतं, घरात काकांच्या कारचं महागडं ऑइल एक लिटर उरलं होतं, तेच टाकलं. आता पिळलं की इंजिन ओरडतं पण गाडी तेवढी पळत नाही. विशेषतः चढाला. इंजिन गेलं का?

उद्यमनगर
सोमवार, सकाळी ११.३२

इंजिन गेलं नाही, घाबरू नको. क्लच सरकतोय. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारचा क्लच कोरडा असतो, म्हणून कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातली तरी चालतं. तेच ऑइल तुझ्या क्लचप्लेटांमध्ये गेलं की त्या एकमेकींना धरतच नाहीत. आज संध्याकाळीच काढून टाक. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए टू’ लिहिलेलं ऑइल घे, जाडी गाडीच्या पुस्तकात असेल ती. थोडं चालवून ते एकदा परत बदल. प्लेटा जळल्या नसतील तर क्लच पूर्ववत धरेल.

पहिलागिअर
सोमवार, सकाळी ११.४०

आजच करतो काका. खूप आभार.

गुऱ्हाळ
सोमवार, दुपारी २.१५

आमच्याकडं वाळव्यात विषय एकच, पेट्रोल. माझी जुनी कार्बोरेटरची शंभर सीसी, २००९ ची. दोन वर्षांत मायलेज उतरलंय. मी वहीत लिहितो. आधी ६२ च्या खाली कधी गेली नव्हती, आता ५७-५८. यंदा पावसात तीन आठवडे गाडी गोठ्यात उभी होती, तर सुरूच होईना. कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीत चिकट डिंकासारखं साचलेलं, आणि पेट्रोलची नळी बोटानं दाबली तर तुकडा पडला. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या गाड्यांना सोसत नाही, हे माझं स्पष्ट मत.

नानापेठी
सोमवार, दुपारी ३.००

गुऱ्हाळ भाऊ, अर्धं मान्य, अर्धं नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज थोडं उतरणारच. जुन्या नळ्या आणि रबरी सील त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या, हेही खरं. पण सोळा वर्षांची नळी तशीही तुटलीच असती. तुमच्या टाकीच्या झाकणाचं रबर कसं आहे? पावसाचं पाणी तिथून आत जातं. आधी साध्या पेट्रोलखाली पाणी वेगळं तळाला बसायचं. आता इथेनॉल ते पाणी ओढून घेतं आणि प्रमाणाबाहेर झालं की पाणी-इथेनॉल मिळून खाली बसतं. खात्री करायची तर टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, तासभर ठेवा. दोन थर दिसले तर पाणी आहे.

गुऱ्हाळ
सोमवार, संध्याकाळी ६.४८

नानापेठी, बाटली भरून ठेवली होती. दोन थर दिसले. खालचा बोटभर. झाकणाचं रबर चिरलेलंच होतं. झाकण, नळी, सगळे सील बदलले.

आणि एक सांगतो. मी इथेनॉलच्या विरोधात नाही. माझा तीन एकर ऊस कारखान्याला जातो आणि कारखान्याला इथेनॉलचे पैसे वेळेवर मिळाले तर आमचं बिल वेळेवर निघतं, हे मला माहीत आहे. पण ज्याच्या उसाचं ते पेट्रोल, त्याच्याच दारातली जुनी गाडी बंद पडू नये एवढंच. पंपावर जुन्या गाड्यांसाठी कमी इथेनॉलचं पेट्रोल परवडणाऱ्या दरात मिळायला हवं.

वैनगंगा
सोमवार, संध्याकाळी ७.२०

गुऱ्हाळ भाऊ, पटलं.

आमच्या भंडाऱ्यात पावसापेक्षा उन्हाळाच गाडीची परीक्षा घेते. मे महिन्यात नवीन बॅटरी टाकली, जुलैत फुगली. दुकानदारानं बदलून दिली, दुसरीही दोन महिन्यांत गरम. मग मीटर घेतला आणि गाडी सुरू करून बॅटरीच्या टोकांवर लावला. सुरुवातीला १४ व्होल्ट, पीळ दिला की १५.८. चौदा-साडेचौदाच्या वर जायला नको. म्हणजे बॅटरी बिचारी चांगलीच होती, चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेलेला. राजेहो, दोन बॅटऱ्यांना आपण उगाच नावं ठेवली. बॅटरी गेली की आधी चार्जिंग मोजा.

दोनस्ट्रोक
सोमवार, रात्री ९.०५

आता आमचीही ऐका. आरएक्स १००, १९९२ ची, ९८ सीसी. पावसाळ्यात बाहेर काढत नाही म्हणून इंजिन बांधायला घेतलं. पिळणं सोडलं तरी आरपीएम वरच राहायचा. कार्बोरेटर तीनदा साफ केला, काही फरक नाही. शेवटी निघालं ते क्रँकचं ऑइल सील. तिथून हवा ओढत होती. सील बदललं, सिलिंडर बोअर करून पॉइंट पंचवीस मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला. ऑइल पंप आधीच्या मालकानं काढून टाकलेला, म्हणून मी टाकीतच ऑइल मिसळतो. आता पहिल्या किकला उठते. पहाटे गल्लीत तो आवाज आला की समोरचे आजोबा खिडकीतून हात दाखवतात, त्यांच्याकडेही ही गाडी होती.

आता सायलेन्सरच्या आतली नळी काढून आवाज आणखी मोकळा करायचा विचार आहे. कुणी केलंय?

राईनकाठ
सोमवार, रात्री ११.५०

दोनस्ट्रोक, नका करू. मी जर्मनीत कोलोनजवळ राहतो. इथं मोटरसायकलची दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी असते. सायलेन्सर मंजुरीचा नसेल तर गाडी नापास. सुरुवातीला मला तो जाच वाटायचा. पण माझ्या चेनची दात झिजलेली स्प्रॉकेट त्याच तपासणीत सापडली होती. अधिकाऱ्यानं मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटांनी मागं ओढून दाखवली, अर्धा दात उघडा पडला. “ही बदलल्याशिवाय शिक्का नाही,” म्हणाला. कृष्णाकाठची हकीकत वाचताना तोच प्रसंग डोळ्यांसमोर आला.

माझं सध्याचं काम म्हणजे गाडी झोपवायची तयारी. माझ्या नंबरप्लेटवरच महिने छापलेले आहेत, मार्च ते ऑक्टोबर. बाकीचे चार महिने रस्त्यावर आणायची नाही. टाकी भरायची, बॅटरी घरात आणायची, चेनला जाड ऑइल. दसऱ्याला मात्र तिला हार घालतो. झेंडू इथं मिळतो.

उद्यमनगर
मंगळवार, सकाळी ८.१५

दोनस्ट्रोक, राईनकाठ कायद्याचं बोलले, मी इंजिनाचं बोलतो. टू-स्ट्रोकला सायलेन्सर म्हणजे इंजिनाचाच भाग. बाहेर जाणाऱ्या वायूचा धक्का आत आपटून परत येतो आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलतो. त्या पोटाचा आकार त्याच हिशेबानं केलेला असतो. आत कापाकापी केलीत तर आवाज वाढेल, ताकद जाईल, पेट्रोल जास्त खाईल. एवढ्या मायेनं बांधलेल्या इंजिनाला असं करू नका. आणि समोरच्या आजोबांना जो आवाज आवडतो, तो मूळचाच आहे.

दोनस्ट्रोक
मंगळवार, सकाळी ८.४०

काका, पटलं. विचार सोडला.

मांडवी
मंगळवार, दुपारी १.१०

गोव्यातून लिहिते. माझे मामा पणजीत पायलट होते. बाहेरच्यांना माहीत नसेल, आमच्याकडे मोटरसायकल-टॅक्सी चालवणाऱ्याला पायलट म्हणतात, पिवळ्या मडगार्डच्या गाड्या. दिवसभर प्रवासी मागे बसवायचे, म्हणून मामा चेनला फार जपत. रोज सकाळी चहाच्या आधी गाडी मधल्या स्टँडवर लावायची, मागचं चाक एका हातानं हळूहळू फिरवायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं चेन खालून वर उचलून बघायची. एका जागी बघून थांबत नसत. चाक पूर्ण फिरेपर्यंत चार-पाच ठिकाणी बघत, कारण चेन सगळीकडे सारखी ताणत नाही. खाऱ्या हवेनं गंज लवकर धरतो, म्हणून आठवड्याला रॉकेलच्या फडक्यानं पुसून ९० नंबरचं ऑइल. आम्ही भाचरं त्यांच्या काळ्या बोटाला हसायचो. आता माझ्या स्कूटरला चेन नाही, पण नवऱ्याच्या गाडीची मी तशीच बघते.

नानापेठी
मंगळवार, दुपारी २.२५

मांडवी ताई, चाक फिरवून चार ठिकाणी बघायचं हे फार महत्त्वाचं सांगितलंत. फक्त एक जोडतो: हे करताना इंजिन बंदच हवं. इंजिन सुरू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत फडकं लावणारे मी पाहिलेत. एकाचं बोट गेलेलं माझ्या माहितीत आहे.

कृष्णाकाठ
मंगळवार, रात्री ९.३०

उद्यमनगर काका, तुम्ही सांगितलेलं सगळं तपासलं. आज सुट्टी टाकली होती.

चेनची दोन्ही टोकं शाबूत. कडी कुठंच फाटलेली नाही, लॉकच नाही. म्हणजे सुटली.

फळीला खिळा मारून चेन ओढून धरली, मुलीनं पट्टी धरली. वीस अंतरं २५५ आणि २५६ च्या मधे. म्हणजे चेन चांगली आहे, मालाचा दोष नाही.

बिल सापडलं. त्यावर चेन आणि मागचं स्प्रॉकेट एवढंच. पुढचं बदललंच नव्हतं. कव्हर उघडलं तर दात एका बाजूला वाकलेले, मांजराच्या नखांसारखे. एक्सलच्या खुणा बघितल्या, डावीकडं एक घर पुढं, उजवीकडं मागं.

आणखी एक. चेनकव्हर आतून पुसलं तेव्हा खालच्या भागात बोटाएवढ्या रुंदीचा चकचकीत पट्टा दिसला, पत्रा घासून पांढरा पडलेला. तो बाहेरच्या बाजूला आहे, म्हणजे लॉकची क्लिप असते त्याच बाजूला.

क्लिप मिळाली नाही, म्हणून ती कशी बसवली होती ते कळायला मार्ग नाही असं वाटलं होतं. पण चेन बदलली त्या दिवशी मी भावाला फोटो पाठवला होता, ‘नवीन चेन टाकली’ म्हणून. तो मोठा करून बघितला. लॉक मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला आहे. क्लिपचं बंद तोंड खाली, उघडं तोंड वर. हे बरोबर की चूक?

उद्यमनगर
मंगळवार, रात्री १०.०५

चूक.

क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवं, माशाचं डोकं पुढं आणि शेपूट मागं तसं. गाडी पुढं जाताना वरची चेन इंजिनाकडं पळते, खालची मागच्या चाकाकडं. मागच्या स्प्रॉकेटच्या मागच्या टोकाला चेन खालून वर चढते. म्हणून तिथं बंद तोंड वर हवं. तुमचं खाली आहे.

आता सगळं जुळतं. पुढचं स्प्रॉकेट झिजलेलं, त्यामुळं चेन नीट बसत नव्हती. चाक तिरकं, म्हणून चेन एका बाजूला ओढली जात होती. सैल झाली की खाली लोंबून कव्हरला घासत होती. क्लिप सरळ असती तर घासताना बंद डोकं पत्र्यावरून सरकून गेलं असतं. उलटी असल्यानं उघडं तोंड दर फेरीला पत्र्यावर अडकायचं आणि थोडं थोडं मागं ढकललं जायचं. सात हजार किलोमीटर तिनं तग धरला.

पूर्ण सेट टाका, पुढचं स्प्रॉकेट धरून. दोन्ही खुणा सारख्या घरावर घ्या. ताण किती ठेवायचा ते तुमच्या गाडीच्या पुस्तकातलंच धरा, आणि मांडवी ताईंच्या मामांसारखं चाक फिरवून जिथं चेन सगळ्यात ताठ लागेल तिथं मोजा.

रानवाट
मंगळवार, रात्री १०.२२

आत्ता खाली जाऊन टॉर्च लावून माझी बघून आले. बरोबर आहे.

वाशिष्ठी
मंगळवार, रात्री १०.४०

माझ्या गाडीची उलटी आहे. उद्याच्या उद्या काढतो.

गुऱ्हाळ
बुधवार, सकाळी ६.५०

आमच्या गल्लीतल्या पाच गाड्या बघितल्या. दोन उलट्या. दोन्ही पोरं रोज इस्लामपूरला कॉलेजला जातात. पक्कड घेऊन मीच फिरवून दिल्या.

पहिलागिअर
बुधवार, सकाळी १०.१५

काका, ऑइल बदललं, काल रात्री एकदा परत बदललं. आज सिंहगडाच्या चढाला गाडी व्यवस्थित ओढते. क्लच वाचला. चेन लॉकही बघितलं, सरळ आहे.

कृष्णाकाठ
शनिवार, रात्री ८.४५

मंडळी, काम झालं. पूर्ण सेट टाकला. त्याच गॅरेजमध्ये.

भांडायला नव्हतो गेलो. फोटो आणि पिशवीतली चेन मेस्त्रींच्या समोर ठेवली. फोटो मोठा करून दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “मी त्या दिवशी गावाला गेलेलो. पोरानं बसवलीय. त्याला हे सांगायचं माझ्याकडनं राहिलं.” मालाला दोष दिला ते चुकलं, हेही म्हणाले.

पोरगा सोळा-सतरा वर्षांचा असेल, कोपऱ्यात टायर उघडत होता. त्याला हाक मारली. मेस्त्रींनी ओरडाआरडा केला नाही. नवीन लॉक त्याच्या तळहातावर ठेवलं, क्लिप वेगळी केली आणि चाक हातानं पुढं फिरवत विचारलं, “चेन कुठं चाललीय?” त्यानं बोट दाखवलं. “मग डोकं कुठं पाहिजे?” त्यानं क्लिप फिरवली आणि बसवली. नाकपक्कडीनं दाबताना ‘टिक्’ असा बारीक आवाज आला. खुणा सारख्या केल्या, ताण मोजला, चाक फिरवून पाच ठिकाणी बघितलं. मजुरी घेतली नाही, मी दिली तरी परत माझ्याच खिशात घातली.

मी निघालो तेव्हा बाहेर दुसरी एक गाडी धुवून न्यायला तयार उभी होती. तो पोरगा मोबाइलचा उजेड पाडत तिच्या मागच्या चाकाशी बसून काहीतरी बघत होता. मेस्त्रींनी विचारलं, “काय रे?” तर म्हणाला, “ही पण मीच बसवलेली.”

उद्यमनगर
शनिवार, रात्री ९.१०

आणि कशी होती?

कृष्णाकाठ
शनिवार, रात्री ९.१२

उलटी. तिथंच फिरवली त्यानं. मालक चहा प्यायला गेला होता, तो यायच्या आत.

मांडवी
शनिवार, रात्री ९.३०

त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगा. खंडेनवमीला गाडी घेऊन जाल तेव्हा त्यालाही थोडे पेढे द्या.

कृष्णाकाठ
शनिवार, रात्री ९.३४

नक्की. पोफळीला सोडलेल्या पिकअपवाल्या दादांसाठीही बाजूला काढून ठेवतोय. त्यांचा दुधाचा रूट माहीत आहे, सकाळी हेळवाकच्या फाट्यावर थांबलो तर भेटतील.